रकान्याचा अर्थ : करवीर दप्तर ते डेटा वेअरहाउस

१

शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीवरील ग्रंथांतून आकड्यांची एक जोडी वारंवार भेटते. १८९४ साली महाराजांनी राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली, तेव्हा करवीर संस्थानच्या सर्वसाधारण कारभारातील ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते. १९१२ साली अशा जागा ९५ झाल्या होत्या आणि त्यांपैकी ३५ जागा ब्राह्मणांकडे होत्या. शेकडा ८४ हून अधिक असलेले प्रमाण अठरा वर्षांत शेकडा ३७ च्या आत आले. ब्राह्मणेतर चळवळीच्या इतिहासलेखनात या आकड्यांना जवळजवळ शिलालेखाचे स्थान मिळाले आहे, आणि ते अनाठायीही नाही. कारण मूठभर जातींच्या हाती एकवटलेला कारभार एका संस्थानिकाने जाणीवपूर्वक कसा मोकळा केला, हे इतक्या थोडक्यात सांगणारे दुसरे साधन नाही.

परंतु हे आकडे ज्या तक्त्यात बसतात त्या तक्त्याला दोनच रकाने आहेत : ‘ब्राह्मण’ आणि ‘इतर’. यांतील पहिल्या रकान्याचा अर्थ त्या काळी कोणाला विचारावा लागला नसेल. दुसऱ्याचा मात्र विचारावा लागतो. शाहूकाळात दीर्घकाळ दिवाणपदावर असलेले सर रघुनाथराव सबनीस हे चांद्रसेनीय कायस्थ प्रभू होते. द्विभाजक तक्त्यात प्रभू अधिकाऱ्याची जागा ‘इतर’मध्येच पडणार. मात्र २६ जुलै १९०२ च्या ज्या हुकुमाने करवीर संस्थानात निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या गेल्या, त्या हुकुमाने प्रभूंना नाव घेऊन मागासलेल्या वर्गांतून वगळले होते. म्हणजे एकच अधिकारी एका लेखात ‘इतर’ आहे आणि दुसऱ्या लेखात पुढारलेल्या वर्गातला आहे. हुकुमाचे यश मोजण्यासाठी जो तक्ता पुढे केला जातो, त्याचे रकाने हुकुमाच्या व्याख्येशी जुळत नाहीत.

ही विसंगती कोणा एका लेखकाच्या हयगयीतून आलेली नाही. तक्ता आपल्या जन्मस्थानापासून दूर जातो, तेव्हा त्याच्या रकान्यांचा अर्थ त्याच्याबरोबर प्रवास करतोच असे नाही. तो अर्थ कोठे नोंदवायचा, कोणी नोंदवायचा आणि तो हरवला तर काय होते, हा प्रश्न आज संगणकशास्त्रात ‘मेटाडेटा’ या नावाने ओळखला जातो. कोल्हापूरच्या दप्तरपरंपरेत तो त्याहून पुष्कळ जुना आहे.

२

तक्ता ही क्रियापद नसलेली संहिता आहे. वाक्यात कर्ता, कर्म आणि क्रिया यांचा संबंध व्याकरणाने बांधलेला असतो. तक्त्यात तो संबंध जागेने बांधला जातो. ओळीच्या प्रारंभी जे असते ते उद्देश्य, रकान्याच्या माथ्यावर जे असते ते विधेय, आणि दोहोंच्या छेदावर एक मूल्य. ‘७१’ हा आकडा स्वतः काहीच सांगत नाही. त्याच्या वरचा मथळा त्याला बोलता करतो. जॅक गुडी यांनी १९७७ च्या ‘द डोमेस्टिकेशन ऑफ द सॅव्हेज माइंड’ या ग्रंथात यादी आणि तक्ता हे बोलीचे नव्हे तर लेखनाचेच अपत्य असल्याचे प्रतिपादन केले. त्यांच्या मते तक्त्याची चौकट रिकामा चौकोन सहन करीत नाही. प्रत्येक वस्तूला कोणत्या तरी एकाच घरात बसविण्याची सक्ती ती करते. बोलण्यात माणूस एकाच वेळी कुणबी, शिपाई आणि मराठा असू शकतो. तक्त्यात त्याला एक घर निवडावे लागते, किंवा त्याच्यासाठी ते दुसरा कोणी तरी निवडतो.

जेरार जनेत यांनी १९८७ मध्ये ग्रंथाच्या भोवतालच्या मजकुराचा, म्हणजे शीर्षक, प्रस्तावना, अर्पणपत्रिका आणि टिपा यांचा विचार मांडला. त्यांच्या दृष्टीने ही परिसंहिता हा वाचकाने ओलांडायचा उंबरठा आहे. ललित संहितेला हा उंबरठा नसला तरी वाचन अडत नाही. निनावी लावणी निनावीपणीही वाचता येते. तक्त्याचे तसे नाही. त्याची परिसंहिता काढून घेतली की उरतात ते केवळ अंक.

डेटा वेअरहाउस या संकल्पनेच्या इतिहासात हीच गोष्ट तांत्रिक भाषेत पुन्हा घडलेली दिसते. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये संबंधाधिष्ठित प्रतिमान मांडले आणि संगणकातील माहितीला तक्त्याचे रूप दिले. १९८५ मध्ये त्यांनी अशा प्रणालींसाठी जे नियम सांगितले, त्यांतील एकाचा आशय असा की तक्त्यांचे वर्णनही तक्त्यांतच ठेवले पाहिजे आणि ते माहितीइतक्याच सहजतेने विचारता आले पाहिजे. बिल इनमन यांच्या १९९२ च्या ग्रंथाने वेअरहाउसची कल्पना रूढ केली. विक्री, वसुली, पगार यांसारख्या दैनंदिन व्यवहारांच्या वेगवेगळ्या प्रणालींतून माहिती उचलून ती विषयवार एकत्र करायची आणि जुनी नोंद न खोडता काळाच्या क्रमाने साठवायची, असे हे भांडार आहे.

अशा भांडारातील प्रत्येक तक्त्याला काही गुणधर्म जोडावे लागतात. तक्त्याचे नाव आणि व्याख्या, त्यातील एक ओळ म्हणजे नेमके काय, ती ओळ कशावरून ओळखायची, प्रत्येक रकान्याचे एकक आणि त्यात चालणारी मूल्ये, माहितीचे उगमस्थान, ती शेवटची केव्हा भरली गेली, तिची जबाबदारी कोणाची आणि ती कोणी पाहावी, असे हे गुणधर्म आहेत. दैनंदिन प्रणालीत यांची निकड इतकी भासत नाही, कारण माहिती लिहिणारा आणि वाचणारा एकाच कचेरीत बसलेले असतात. एखाद्या खुणेचा अर्थ शेजारच्या टेबलावर विचारता येतो. भांडारात हा शेजार तुटतो. गुणधर्मांची नोंद ही या तुटलेल्या शेजाराची भरपाई आहे. लिहिणारा आणि वाचणारा यांच्यात अंतर पडले की वर्णनाची गरज उत्पन्न होते, हे सूत्र हाती घेऊन करवीर दप्तराकडे पाहिले तर त्याच्या इतिहासाचे टप्पे स्पष्ट होऊ लागतात.

३

मराठेशाहीतील दप्तर कमी शिस्तीचे नव्हते. रोजकीर्द, खतावणी, ताळेबंद, झाडा, फेरिस्त ही नावेच नोंदींच्या पायऱ्या दाखवितात. दिवसाची नोंद कीर्दीत जाते, तेथून खात्यावर उतरते आणि वर्षअखेरीस ताळेबंदात मिळते. कागद रुमालात बांधला जातो आणि रुमालातील कागदांची फेरिस्त होते. शिवकाळात रघुनाथ पंडितांनी रचलेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’त लेखनवर्ग हा स्वतंत्र वर्ग आहे, यावरून लेखनव्यवहाराची परिभाषा ही राज्याची बाब मानली जात होती हे दिसते. मात्र हा कोश फार्सी-अरबी संज्ञेसमोर संस्कृत संज्ञा ठेवतो. तो प्रतिशब्द देतो, व्याख्या देत नाही. ज्याला मूळ संज्ञा ठाऊक आहे त्यालाच तो उपयोगी पडतो. रकान्याचे नाव बदलण्याची सोय त्यात आहे, रकान्याचा अर्थ परक्याला सांगण्याची नाही.

अर्थ कोठे होता, याचे उत्तर कालगणनेच्या उदाहरणावरून मिळते. मोडी कागदांत वर्ष पुष्कळदा सुहुर सनात, अरबी संख्याशब्दांनी लिहिलेले असते. ‘इहिदे सबैन मया व अलफ’ म्हणजे एक, सत्तर, शंभर आणि हजार, अर्थात ११७१. सुहुर सन मृगाला बदलतो आणि त्यात ५९९ मिळविले की इसवी सन येतो. म्हणून हे वर्ष १७७०-७१ चे, थोरल्या माधवरावांच्या अखेरच्या काळातले. परंतु केवळ ‘११७१’ हा अंक समोर आला आणि तो दख्खनी फसली सनाचा असला, तर तेच वर्ष १७६१-६२ ठरते, पानिपतानंतरचे. तो हिजरी सनाचा असला तर वर्ष १७५७-५८ होते, पानिपताच्या आधीचे. एका अंकाच्या या तीन वाचनांमध्ये मराठी सत्तेचा सर्वांत मोठा आघात येऊन जातो. अंक शुद्ध आहे, अक्षर स्वच्छ आहे, नक्कल बिनचूक आहे. तरीही रकान्याचे एकक हरवले तर इतिहास उलटा वाचला जाईल.

मूळ लेखकाला ही अडचण नव्हती. अरबी संख्याशब्दांची ठेवणच त्याला आणि त्याच्या वाचकाला सन कोणता ते सांगत असे. शब्दांचे अंकांत रूपांतर करून कोणी यादी तयार केली की ती खूण पुसली जाते. माहिती एका रूपातून दुसऱ्या रूपात नेताना अर्थ गळतो, तो असा.

गावपातळीवर हा अर्थ कुलकर्ण्याच्या घराण्यात राहत असे. कुलकर्णी हा वतनदार होता आणि दप्तर बहुधा त्याच्या घरीच असे. कोणत्या शेताला कोणते नाव, कोणती बाब सूट म्हणून वजा पडते, कोणत्या खुणेने वादाची नोंद दर्शविली आहे, हे बापाकडून मुलाकडे जात असे. करवीरकर संभाजी महाराजांच्या काळात, १७१६ मध्ये, रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या ‘आज्ञापत्रा’त वतनदारांविषयीची सावध दृष्टी व्यक्त झाली आहे. वतनदार म्हणजे त्या त्या भूमीचे लहानसे स्वामीच. त्यांना मोडता येत नाही आणि मोकळेही सोडता येत नाही, अशी तिची दिशा आहे. त्या स्वामित्वाचा एक आधार जमीन होता. दुसरा आधार त्या जमिनीच्या लेखाचा अर्थ एकट्यालाच ठाऊक असणे हा होता.

४

एकोणिसाव्या शतकात वाचक बदलला. १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर करवीरच्या कारभारावर कंपनी सरकारची पकड घट्ट झाली, आणि १८५४ मध्ये मेजर ग्रॅहॅम यांचा कोल्हापूर संस्थानविषयक सांख्यिकी अहवाल मुंबई सरकारच्या निवडक कागदपत्रांच्या मालेत छापला गेला. पुढे १८८६ मध्ये मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा चोविसावा खंड कोल्हापूरला वाहिला गेला. या ग्रंथांचा वाचक पंचगंगेच्या काठी राहणारा नव्हता. तो मुंबईत किंवा लंडनमध्ये होता, त्याला मोडी येत नव्हती आणि कुलकर्ण्याला विचारण्याची सोय त्याच्यापाशी नव्हती. म्हणून छापील तक्त्याला मथळा, वर्ष, एकक आणि तळटीप आली. रुपया कोणता, एकर की बिघा, मोजणी कोणत्या सालची, हे कागदावरच सांगणे भाग पडले. दप्तरातील अर्थ प्रथमच गावाबाहेर, अनोळखी माणसासाठी लिहिला गेला.

या बदलात लाभ होता आणि हानीही होती. बर्नार्ड कोन यांनी भारतीय जनगणनेच्या अभ्यासात दाखविले आहे की वर्णनासाठी आखलेला रकाना पुढे वस्तुस्थितीचा साचा बनतो. जातीची नोंद घेण्यासाठी जातींची यादी करावी लागते, यादीसाठी सीमा ठरवाव्या लागतात, आणि एकदा ठरलेल्या सीमांमध्ये माणसे स्वतःला शोधू लागतात. ‘कुणबी’ या शब्दाचे उदाहरण घ्यावे. व्यवहारात तो कधी शेती करणाऱ्याचे नाव होता, कधी जातीचे, कधी दर्जाचे, आणि एका मोसमात तो एका अर्थाने व दुसऱ्या प्रसंगी दुसऱ्या अर्थाने वापरला जाई. ‘धंदा’ या मथळ्याखाली लिहिला की त्याचा एक अर्थ होतो, ‘जात’ या मथळ्याखाली लिहिला की दुसरा. मथळा कोणता होता याची नोंद न ठेवता केवळ शब्द उचलला, तर दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळतात.

५

या पार्श्वभूमीवर करवीर सरकारच्या गॅझेटात प्रसिद्ध झालेला २६ जुलै १९०२ चा हुकूम पुन्हा वाचण्याजोगा आहे. सामाजिक न्यायाचा दस्तऐवज म्हणून त्याची थोरवी सर्वमान्य आहे. दप्तराच्या इतिहासातील दस्तऐवज म्हणूनही त्याचे महत्त्व कमी नाही. त्याचा आशय चार अंगांचा आहे. पहिले अंग असे की हुकूम पोचल्याच्या तारखेपासून रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांतून भराव्यात. दुसरे असे की ज्या कचेरीत या वर्गांच्या अधिकाऱ्यांचे प्रमाण निम्म्याहून कमी आहे, तेथील पुढची नेमणूक या वर्गांतूनच व्हावी. तिसरे असे की खातेप्रमुखांनी नेमणुकांचे पत्रक दर तिमाहीस सादर करावे. चौथे अंग व्याख्येचे : मागासलेले वर्ग म्हणजे ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग वगळून बाकीच्या सर्व जाती.

तक्त्याचे गुणधर्म म्हणून आज जे जे मागितले जाते, त्यातील बहुतेक येथे आहे. वर्गाची व्याख्या आहे, प्रारंभाची तारीख आहे, आवर्तन आहे, जबाबदार व्यक्ती ठरलेली आहे. इतकेच नव्हे, तर मोजण्याची दोन भिन्न परिमाणे हुकुमाने वेगळी ठेवली आहेत. पहिल्या कलमात नव्याने भरल्या जाणाऱ्या जागा मोजायच्या आहेत, म्हणजे प्रवाह मोजायचा आहे. दुसऱ्यात त्या क्षणी कचेरीत असलेले अधिकारी मोजायचे आहेत, म्हणजे साठा मोजायचा आहे. जागांच्या वाटपाविषयीच्या पुढच्या शतकभराच्या वादांत ही दोन परिमाणे किती वेळा एकमेकांत मिसळली गेली, हे ध्यानात घेता १९०२ च्या मसुद्यातील हा विवेक उल्लेखनीय वाटतो. ज्याला अंमलबजावणी हवी असते तो रकाना सैल सोडत नाही, हेच त्यातून दिसते.

आता प्रारंभीच्या आकड्यांकडे परतता येईल. १८९४ चे ७१ पैकी ६० आणि १९१२ चे ९५ पैकी ३५ हे दोन्ही साठ्याचे आकडे आहेत, प्रवाहाचे नाहीत. त्यांचे रकाने ‘ब्राह्मण’ आणि ‘इतर’ असे आहेत. हुकुमाचे रकाने ‘पुढारलेले’ आणि ‘मागासलेले’ असे. ब्राह्मणेतर अधिकाऱ्यांची संख्या ११ वरून ६० वर गेली, हे त्यातून निश्चित कळते. त्या ६० मध्ये प्रभू, शेणवी किंवा पारशी किती, मराठे किती, जैन आणि लिंगायत किती, मुसलमान किती, आणि ज्यांना त्या काळी अस्पृश्य म्हटले जाई त्यांच्यापैकी कोणी होते की नाही, हे मुळीच कळत नाही. याच संदर्भात १८९४ मधील ५०० कारकुनांपैकी अवघे १० ब्राह्मणेतर असल्याचाही उल्लेख केला जातो. ७१ हा आकडा मोजलेला दिसतो, तर ५०० हा पूर्णांक अंदाजाचा असावा असे त्याच्या रूपावरूनच वाटते. परंतु दोन्ही शेजारी छापले गेले की त्यांचे वजन सारखे होते.

यामुळे शाहू छत्रपतींच्या कार्याचे मोल उणावते असे नाही. उलट, हुकुमाची व्याख्या द्विभाजक तक्त्याहून किती तरी सूक्ष्म होती हे ध्यानात येते. ‘ब्राह्मण विरुद्ध इतर’ ही चौकट चळवळीच्या वक्तृत्वाला आणि तिच्या विरोधकांच्या वक्तृत्वालाही सोयीची होती. हुकुमाची चौकट ती नव्हती. इतिहासलेखनाने आकडे तक्त्याचे घेतले, अर्थ हुकुमाचा घेतला, आणि दोहोंमधील सांधा तपासला नाही. हुकुमाचीही एक मर्यादा या वाचनात उघड होते. व्याख्या वगळणुकीची आहे. ‘बाकीच्या सर्व जाती’ या एका घरात गावचा पाटील आणि गावकुसाबाहेरचा महार एकत्र येतात. त्या घराच्या आतील विषमता मोजण्याची सोय तिमाही पत्रकाच्या व्याख्येत नव्हती.

६

दप्तराच्या दृष्टीने पुढचा निर्णायक टप्पा १९१८ चा. त्या वर्षी करवीर संस्थानात कुलकर्णी वतन रद्द होऊन पगारी तलाठ्यांची नेमणूक सुरू झाली आणि अस्पृश्य मानलेल्या समाजातील तरुणांनाही या कामी घेतले गेले. या निर्णयाची चर्चा सामान्यतः ब्राह्मण-ब्राह्मणेतर संघर्षाच्या अंगाने होते. त्याला दुसरेही अंग आहे. वंशपरंपरेने आलेला लेखक गावाबरोबरच वाढलेला असे. तलाठी बदलून येतो आणि बदलून जातो. जे ज्ञान घराण्यात होते ते आता कागदावर आणावे लागते, नाही तर प्रत्येक बदलीबरोबर गावाचे दप्तर मुके होईल. अर्थाची मालकी घराण्याकडून नमुन्याकडे जाणे, असे या स्थित्यंतराचे वर्णन करता येईल. ज्याला त्या दप्तरात आजवर केवळ एक नोंद म्हणून स्थान होते, तो नमुना उघडून लिहू लागला, ही त्यातील लोकशाही बाजू होय.

१ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ आणि तिच्याखालील १९७१ चे अधिकार अभिलेखांविषयीचे नियम यांनी राज्यभर गाव नमुन्यांची एकच व्यवस्था निश्चित केली. गाव नमुना सात हे अधिकार अभिलेख पत्रक, गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही, आणि दोहोंचा मिळून झालेला ‘सातबारा’ हा मराठी माणसाला सर्वाधिक परिचित असलेला तक्ता. त्याची परिसंहिता लक्षपूर्वक पाहावी. नावाशेजारी लिहिलेला क्रमांक हा फेरफार नोंदवहीतील, म्हणजे गाव नमुना सहामधील, नोंदीचा असतो. हे नाव येथे कोणत्या कारणाने आले ते तो सांगतो. कमी झालेले नाव पुसून न टाकता कंसात घालण्याची रीत होती. त्यामुळे आजच्या धारणेबरोबर कालची धारणाही त्याच पानावर वाचता येई. जुनी नोंद न खोडता काळाच्या क्रमाने ठेवणे हे वेअरहाउसचे लक्षण तलाठ्याच्या कंसात आधीच होते.

येथेही एककाचा प्रश्न निर्णायक ठरतो. क्षेत्राच्या रकान्यात ‘१-२०’ असे लिहिले असेल आणि मथळा एकर-गुंठ्यांचा असेल, तर जमीन दीड एकर आहे. मथळा हेक्टर-आरचा असेल, तर तीच जमीन जवळजवळ तीन एकर होते. मेट्रिक पद्धत स्वीकारली गेल्यानंतर जुना उतारा नव्या उताऱ्याशेजारी ठेवून वाचणाऱ्याला मथळा पाहिल्यावाचून गत्यंतर नाही. भावकीतील वाटणी या दोन वाचनांच्या फरकात अडकू शकते. २०२० साली राज्य शासनाने सातबाराचा नमुना सुधारला, तेव्हा गावाच्या नावाबरोबर त्याचा सांकेतांक आणि शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व दिनांक यांना त्यात जागा मिळाली. तक्ता शेवटचा केव्हा बदलला हे तक्त्यानेच सांगावे, ही वेअरहाउसची अपेक्षा अशा रीतीने चावडीपर्यंत पोचली.

७

जुन्या दप्तरांना आज अनपेक्षित वाचक लाभला आहे. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य शासनाने समिती नेमली आणि जुन्या महसुली, शैक्षणिक व जन्म-मृत्यूच्या नोंदींतून ‘कुणबी’ हा उल्लेख शोधण्याचे काम प्रथम मराठवाड्यात व नंतर राज्यभर सुरू झाले. मोडी जाणणाऱ्यांची एकाएकी गरज भासू लागली. एका रकान्यातील एका शब्दावर आता एका कुटुंबाचे शिक्षण आणि नोकरी अवलंबून असते. या वादात कोणाची बाजू न्याय्य, हा प्रश्न येथे अप्रस्तुत आहे. अभ्यासकाचा प्रश्न अगोदरचा आहे : तो शब्द ज्या रकान्यात आहे त्याचा मथळा काय होता, नोंद कोणी केली, कोणाच्या सांगण्यावरून केली, आणि त्या कचेरीत त्या साली तो शब्द कोणत्या अर्थाने लिहिण्याची पद्धत होती? शब्द सापडणे हा पुराव्याचा प्रारंभ आहे. या प्रश्नांची उत्तरे मिळाली म्हणजे तो पुरावा पुरा होतो.

मोठ्या प्रमाणावर चाललेल्या संगणकीकरणाने हा प्रश्न सुटत नाही. तो तीव्र होतो. रुमालातून काढून कागदाचे छायाचित्र घेतले की कागद वाचतो, पण तो कोणत्या रुमालात, कोणत्या कागदाशेजारी होता हे वेगळे नोंदविले नाही तर त्याचा संदर्भ नाहीसा होतो. हा धोका नवा नाही. १९३० नंतरच्या काही वर्षांत गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली ‘पेशवे दप्तरातून निवडलेले कागद’ ४५ खंडांत प्रसिद्ध झाले. तो मराठी इतिहाससंशोधनाचा महान उपक्रम होय. विषयवार मांडणीमुळे त्या खंडांचा उपयोग शतगुणित झाला. त्याच मांडणीमुळे कागदाचा मूळ शेजार मात्र छापील वाचकाच्या दृष्टीआड गेला. वेअरहाउसही माहिती विषयवारच लावतो. म्हणून उगमस्थानाची नोंद हा त्याच्या तक्त्याचा आवश्यक गुणधर्म मानला जातो. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आणि शिवाजी विद्यापीठाच्या शाहूविषयक कागदपत्रांच्या खंडांत जे साधन उपलब्ध आहे, त्याचे वर्णन याच काटेकोरपणे होणे अगत्याचे आहे.

साहित्याच्या अभ्यासकाला या कामात परके वाटण्याचे कारण नाही. पाठभेद, प्रक्षेप, लेखकाची ओळख, शब्दाचा कालविशिष्ट अर्थ हे त्याचे नित्याचे प्रश्न आहेत. तक्ता हीही संहिता आहे हे एकदा मान्य केले की तेच प्रश्न तेथे लागू पडतात. १९०२ च्या हुकुमाने ‘मागासलेले वर्ग’ या दोन शब्दांची व्याख्या केली, म्हणून तो हुकूम आजही वाचता येतो आणि त्याच्याशी वाद घालता येतो. ‘इतर’ या शब्दाची व्याख्या कोणी केली नाही. १९१२ मधील ते साठ अधिकारी कोण होते, हे जाणण्यासाठी आता नेमणुकांच्या मूळ कागदांकडे परत जाऊन प्रत्येकाचे नाव वाचणे हाच मार्ग उरतो.